मामा आणि कानातली बुचं

"आ कर. आणखी मोठा. हां, आता डावीकडं बघ."

त्या वर्षी मामांकडे गेलेल्या प्रत्येकाचं स्वागत याच शब्दांनी झालं. या-बसा नाही, चहा-पाणी नाही. शर्टाच्या खिशातून वायरचा गुंता बाहेर यायचा, त्याच्या टोकाची दोन बुचं आपल्या कानांत जायची आणि मामांची दोन बोटं आपल्या हनुवटीखाली लागायची. दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटायचं. तोंड उघडं ठेवून मान डावीकडे वळवली, की मामा वाकून आपल्या उजव्या कानात डोकावायचे आणि मान हलवून म्हणायचे, "नाय. बसंना."

तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल. नवीन मोबाइल घ्यायचा म्हटलं की ज्याला आधी विचारावं लागतं, आणि विचारलं की जो आपला रविवार खातो. पण मामा त्या जातकुळीतले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या फोनच्या बटणांवरचे आकडे पुसून गेले होते आणि टीव्हीच्या रिमोटला ते शेजाऱ्याच्या कुत्र्याला बिचकावं तसे बिचकायचे. असा माणूस वर्षभर कानात घालायच्या स्वस्त यंत्रांच्या मागे का लागला, ते सांगायचं तर आमच्या गायन पार्टीपासून सुरुवात करावी लागेल.

मी दिवसा शाळेत गणित शिकवतो आणि जयंतीच्या हंगामात भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो. पार्टी ताईंची. गारखेड्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ताई राहतात. मुख्य गाणाऱ्या त्या, ढोलकीवर रशीदभाई, साऊंडला नितीन आणि कोरसला मामा. मामा कोणाचेच मामा नव्हते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते, तिथेच त्यांना कोणीतरी मामा म्हटलं आणि ते नाव त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन आमच्याकडे आलं.

कोरस म्हणजे काय, हे समोर बसलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गाणारा ओळ म्हणतो आणि सोडून देतो. ती जमिनीवर पडायच्या आत कोरसवाला उचलतो, पुन्हा म्हणतो, आणि तेवढ्यात गाणारा दम घेतो. मामा ताईंच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे बसायचे. ओळ संपत आली की ताई मान वळवून त्यांच्याकडे बघायच्या आणि मामा ओळ घ्यायचे. हे असं करायचं, असं कोणी कधी ठरवलं नव्हतं. ताई लग्नाआधी वस्तीत गायच्या तेव्हापासून मामा तिथेच बसत होते, आणि तेव्हापासून ताईंची मान तिकडेच वळत होती.

मामा एकटे कधीच गायले नाहीत. माझ्या पुतण्याच्या बारशाला सगळ्यांनी आग्रह केला, मामा, आज तुम्ही एक म्हणा. मामा उठले, घसा खाकरला, हात जोडले आणि उभेच राहिले. बायका पाळण्याभोवती थांबल्या. शेवटी मामा मला हळूच म्हणाले, "मास्तर, कुणीतरी आधी म्हणा की."

ही कोरसची सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. समोरच्याच्या वाक्याचं शेपूट ते आपसूक उचलायचे. चहावाला म्हणाला, "आज दूध नासलं," की मामा म्हणणार, "नासलं." मामी या सवयीनं मेटाकुटीला आल्या होत्या. एकदा माझ्यासमोर त्यांनी कपाळावर हात मारला.

"यांच्यासंगं भांडण बी करता येत नाय सर. म्या म्हणलं, सारं जग फिरलं, तुमी मला कधी दौलताबादचा किल्ला दावला नाय. तर म्हणत्यात, दावला नाय!"

मामा मान हलवून म्हणाले, "नाय."

असं आमचं बरं चाललं होतं. बिघडलं ते आवाजामुळे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे स्पीकरच्या भिंती उभ्या राहायला लागल्या, हे तुम्ही पाहिलंच असेल. पूर्वी दोन भोंग्यांवर कार्यक्रम व्हायचा. आता स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच खोकी असतात आणि ती वाजायला लागली की माझ्या चष्म्याच्या काड्या थरथरतात. या गदारोळात ताईंना स्वतःचा आवाज ऐकू येईना. ऐकू येत नाही म्हणून त्या आणखी जोर लावायच्या, जोर लावला की सूर चढायचा, आणि दुसऱ्या दिवशी घसा बसायचा. एका हंगामात तर त्या महिनाभर खुणेनंच बोलत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ओरडणं थांबवा, नाहीतर गाणं थांबेल.

उपाय नितीननं सांगितला. मोठे गायक कानात घालतात तसं काहीतरी घालायचं. मिक्सरमधून एक वायर सरळ कानात येते, कान बाहेरून बंद होतो आणि आतमध्ये आपलाच आवाज शांतपणे ऐकू येतो. मग ओरडायचं कारण उरत नाही. बिनवायरचा महागडा संच आमच्या आवाक्यात नव्हता, पण वायरवाले स्वस्तातले पुष्कळ येतात, त्यातलं एखादं चालून जाईल, असं तो म्हणाला.

"बुचं मी बघतो," मामा म्हणाले. नितीननं यंत्राचं इंग्रजी नाव दोनदा सांगितलं होतं, पण मामांनी केलेलं बारसं टिकलं.

आणि मग सुरू झाली ती परीक्षा. पार्सलं येऊ लागली. ओळखीच्यांच्या घरातली पडीक बुचं मामांच्या खिशात जमा होऊ लागली. पैठण गेटजवळच्या मोबाइल दुकानांत मामा इतक्यांदा जाऊन आले, की तिथले दुकानदार त्यांना बघून कामात असल्याचा आव आणू लागले. एक दुकानदार तर वैतागून म्हणाला, "चचा, लेना है तो लो, नै तो छोडो. मेरेकू गाने को काहे को बोल रहे?" कारण बुच कानात घालून नुसतं ऐकणं मामांना मंजूरच नव्हतं. ते घालून गायचं, तेही पूर्ण आवाजात. मामा स्वतः काही आधी गाणार नाहीत, म्हणून दुकानदारानं एक ओळ म्हणावी, अशी त्यांची माफक अपेक्षा होती.

आवाजाबद्दलचे त्यांचे निकाल मला अजून आठवतात. एका जोडीत ढोलकी फार घुमायची. "ही रशीदभाईच्या नात्यातली दिसती," मामा म्हणाले, "ताईला मागं बसवलं हिनं." दुसरीत प्रत्येक स आणि श कानात टोचायचा. ती त्यांनी दोन बोटांत धरून लांबूनच परत दिली. तिसरीत सगळं स्वच्छ, पण आवाज कुठेतरी लांब. "पत्र्याच्या शेडमंदी गायला बसवल्यावानी वाटतं." चौथीत ताईंना सर्दी झाली होती. एक चकचकीत धातूची जोडी सगळ्यांना आवडली, मलाही. मामांनी ती ताईंच्या कानात घातली, आ करायला लावलं, मान वळवायला लावली आणि म्हणाले, "नाय."

"अहो, पण आवाज किती गोड आहे," मी म्हणालो.

"गोड है ना. पर बसंना. जे कानात राहणारच नाय, ते गोड असून काय करू?"

या बसण्याबद्दल जरा सांगायला हवं. तुम्ही म्हणाल, कानातलं बुच, घातलं की बसलं. पण आत्ता करंगळी कानात घाला आणि तोंड मोठ्यानं उघडा. आत काहीतरी सरकतं की नाही? जबडा हलला की कानाची वाट बदलते. गप्प बसून ऐकणाऱ्याला याचा त्रास नाही. पण वरची पट्टी लावणाऱ्या बाईचा जबडा पूर्ण उघडतो, बुच किंचित सैल होतं, फट पडते, आणि त्या फटीतून स्पीकरचा सगळा गोंधळ आत घुसतो. त्यात ताईंचा उजवा कान डाव्यापेक्षा अरुंद. मामांनी दोन कानांना दोन मापांची रबरी टोपणं लावली. स्पंजची टोपणं आणली, ती छान बसली, आणि एप्रिलच्या घामानं पहिल्याच तालमीत साबणासारखी निसटली. वायर कानावरून मागे घेतली, पदराखालून नेली, तिला भरपूर सैल सोडली. तोंड उघडेपर्यंत सगळं ठीक असायचं. त्यानंतर ताई मान वळवायच्या, आणि उजवं बुच जागा सोडायचं.

मोबाइलवर या बुचांची परीक्षणं करणारे लोक असतात. नितीननं मामांना ते दाखवलं, तर ते मामांना भलतंच आवडलं. पण बघायचे ते भांडायला. नितीनचा फोन मागून घेऊन बुचांची परीक्षणं त्याच्या फाटक्या स्पीकरवर ऐकत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "हा बसून बोलायलाय. ह्याला म्हणा, उठून गा. मान वळव. मग सांग आम्हाला."

यात एक गोष्ट मी मागे ठेवली. सुरुवातीलाच नितीननं आणखी एक सांगितलं होतं. ताईंना कानात नीट ऐकू यायला लागलं की ट्रॅकवर गाता येईल. म्हणजे बाकीचं संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, ते वाजवायचं आणि ताईंनी वरून गायचं. कोरससुद्धा त्यातच. आयोजकांनाही आता तेच हवं असतं, कमी माणसं, एका गाडीत मावणारी. कीबोर्ड आणि ढोलकी दिसायला लागतात म्हणून राहतील, पण कोरसला माणूस बसवायची गरज उरणार नाही. हे नितीन सगळ्यांसमोर बोलला. मामाही तिथेच होते. "उरणार नाय," ते सवयीनं म्हणाले.

म्हणजे ज्या दिवशी बुच बसेल, त्या दिवशी मामांची जागा जाणार होती. आणि बुच बसतंय की नाही, हे ठरवत होते मामाच.

त्यामुळे महिन्यामागून महिने "बसंना" ऐकून आमच्यात कुजबुज सुरू झाली. ती तुम्ही असता तर तुमच्यातही झाली असती. रशीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मामा टाइमपास कर रहे. एक भी बुच उनकू पसंद नै आनेका. देख लेना."

रशीदभाई मनानं वाईट नव्हते, त्यांच्या आवाजात राग नव्हताच. उलट, असं करत असतील तर करू देत, असाच सूर होता. पण ताईंचा घसा वाट बघायला तयार नव्हता. त्या वर्षी नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला त्यांचा आवाज फाटला आणि मामांनी ओळ त्यांच्या तोंडातून अक्षरशः काढून घेतली, लोकांना कळलंही नाही. स्टेजवरून उतरताना ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्याच आठवड्यात मी मामांबरोबर पैठण गेटला गेलो. एक राखाडी जोडी मिळाली, साधीच, मानेला किंचित वाकडी. आवाज नीट होता. ढोलकी ढोलकीच्या जागी, शब्द शब्दाच्या जागी. मामांनी माझ्या कानात ती फिरवून फिरवून बसवली, मला भर दुकानात आ करायला लावलं, आणि पहिल्यांदाच "बसंना" म्हणाले नाहीत. बाहेर आल्यावर मला राहवेना.

"मामा, हे ताईंना बसलं तर ट्रॅक येईल."

"येईल," मामा म्हणाले. मला वाटलं, झालं, संपलं. पण थोडं चालून गेल्यावर ते आपणहून बोलले, आणि हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडायचं. "ताईचा गळा गेल्यावर मी कुणाच्या मागं म्हणू, मास्तर?"

त्या जोडीचा पहिला कार्यक्रम चिकलठाण्याच्या एका नव्या वसाहतीत झाला. अजून ट्रॅक नव्हता, सगळे स्टेजवर होतो. ताईंनी पहिली ओळ घेतली आणि आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कित्येक वर्षांत असा मऊ आवाज ऐकला नव्हता. जोर नाही, ओढाताण नाही. रशीदभाईंनी खुशीत एक जास्तीचा ठेका दिला. ओळ संपत आली. ताईंनी सवयीनं मान डावीकडे वळवली, आणि उजवं बुच टपकन खांद्यावर पडलं. पुढच्या अंतऱ्याला पुन्हा तीच ओरड सुरू.

मध्यंतरात मामांनी उपाय काढला. "मी उजवीकडं बसतो." बसले. ताई उजवीकडे वळल्या, डावं बुच निघालं. मग मामा थेट मागे जाऊन बसले. ताईंनी ओळ टाकायला अख्खी पाठ फिरवली आणि पब्लिकला त्यांचा अंबाडा दिसला. शेवटी मामा म्हणाले, "मी समोरच जातो, म्हंजी मान वळवायलाच नको." ते स्टेजवरून उतरले आणि खाली, अगदी पुढे, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर उभे राहिले. पाहुण्यांना काही दिसेना. समितीचे सचिव धावत आले. मामांचा पांढरा शर्ट, चेहऱ्यावरचा गंभीर भाव बघून त्यांचा गैरसमज झाला असावा. त्यांनी मामांना आदरानं पहिल्या रांगेत खुर्ची दिली, गळ्यात हार घातला आणि माइकवरून स्वागतही केलं. त्या दिवशीचा उरलेला सगळा कोरस मामांनी हार घालून, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसून, बिनमाइकचा म्हटला. प्रमुख पाहुणे प्रत्येक ओळीला दचकत होते.

आम्ही परतताना गाडीत पोट धरून हसलो. ताई हसून हसून खोकायला लागल्या. मामा मात्र खिडकीतून बाहेर बघत होते, आणि त्यांच्या गळ्यात तो हार तसाच होता.

दोन-चार दिवसांनी दुपारी ताईंच्या घरी तालीम होती. मामा आल्या आल्या खिशातली सगळी बुचं काढून सतरंजीवर मांडून बसले. काळी, पांढरी, ती चकचकीत धातूची, ती सर्दीवाली.

"ताई, समोर बघून गा बरं. माझ्याकडं बघू नको."

एकेक जोडी ताईंच्या कानात घातली. ताई समोरच्या खिडकीकडे बघत गायल्या. काही जोड्यांत आवाज बरा होता, काहींत वाईट होता, पण एकही बुच पडलं नाही. राखाडी तर जागचं हललं नाही. आम्ही बघतच राहिलो.

"बुचात खोट नाय," मामा म्हणाले. "सगळी बसत्यात. तू माझ्याकडं बघती मनून पडत्यात."

"मग ओळ कुणाकडं टाकू?" ताई म्हणाल्या.

"समोर टाक."

ताईंनी प्रयत्न केला. खरंच केला. पण मामा डावीकडे बसलेले, आणि ओळीच्या शेवटच्या अक्षराला मान तिकडे जायचीच. मामांनी तोंडावर पेपर धरून बघितला, तरी गेली. शेवटी मामांनी पेपरची घडी केली.

"मी हाय तवर तुझी मान वळणारच ताई. नितीनला सांग, कोरस भरून घे."

ताईंनी राखाडी बुचं कानातून उपसली आणि सतरंजीवर टाकली. "मला नको ती बुचं. बसला तर बसू द्या गळा. तुमी उठून जाणार आन् म्या एकटी गाऊ?"

"एकटी नाय. माझाच आवाज भरायचा. दुसऱ्या कुणाचा भरला तर मी आयकून घेनार नाय, आधीच सांगतो."

"लई शानपना करू नका मामा."

"नका," मामा म्हणाले. सवयच ती. पण त्यावर त्या दिवशी कोणी हसलं नाही. ताई स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. रशीदभाई ढोलकीच्या दोऱ्या उगाच आवळत बसले. मामा टाइमपास करत आहेत असं पुन्हा ते कधी म्हणाले नाहीत. मामा इतके दिवस खरंच तपासत होते. ज्या हालचालीवर बुच टिकायला हवं होतं ती त्यांनी पहिल्या दिवसापासून बरोबर ओळखली होती. फक्त ती हालचाल कोणासाठी होते, हे त्यांच्या ध्यानात यायला वर्ष लागलं.

नितीनच्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं. भिंतींना गोधड्या लावलेल्या, पंखा बंद, सगळे घामाघूम. नितीननं मामांना हेडफोन लावून संगीत ऐकवलं आणि खूण केली. मामा गप्प. पुन्हा खूण केली, पुन्हा गप्प. मला पुतण्याचं ते बारसं आठवलं. शेवटी ताईंना बोलावणं पाठवलं. त्या फुगलेल्याच होत्या, पण आल्या. मामांच्या समोर मोड्यावर बसल्या आणि पहिली ओळ म्हणाल्या, मामांनी ती घेतली. मग एकामागून एक सगळी गाणी झाली. समोरासमोर, कानात काही न घालता, ताईंनी ओळ द्यायची आणि मामांनी उचलायची. नितीननं नंतर ताईंचा आवाज तेवढा काढून टाकला. पण त्या खोलीत बसून मी ते पूर्ण ऐकलंय, आणि आमच्या पार्टीचा त्याहून चांगला कार्यक्रम मला आठवत नाही.

त्यानंतर मामा स्टेजवर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. ताई समोर बघून गायला शिकल्या. त्यांचा घसा सुधारला, डॉक्टर खूश झाले, कार्यक्रम वाढले. एकदा मंडपाच्या मागच्या खांबाशी मामा उभे दिसले. स्पीकरमधून त्यांचाच आवाज येत होता आणि त्यांचे ओठ हलत होते. गाणं संपल्यावर मी तिकडे गेलो तर ते निघून गेले होते.

पुढे ते लेकीच्या नव्या घरी, दौलताबादला राहायला गेले. घरासमोरच किल्ला दिसायचा, त्यामुळे मामींची जुनी तक्रार एकदाची मिटली. मी भेटायला गेलो तर पेरू खायला घातले, रशीदभाईंची, शाळेची चौकशी केली, आणि निघताना खिशातून एक नवीनच हिरवट जोडी काढून माझ्या कानात घातली. काम संपलं होतं, ताईंना जोडी मिळाली होती, तरी हे सुरूच.

"आता कशाला मामा?" मी म्हणालो.

"असावं. कधी तरी मान वळवली तरी टिकंल असं निघंल की एखादं."

पावसाळा संपता संपता मामा गेले. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले होते, तिथेच. मला फार वाईट वाटलं. घरचं कोणी गेल्यावर वाटतं तसंच.

जयंतीचा हंगाम आला. पहिला कार्यक्रम गारखेड्यातच, आमच्याच मैदानावर होता. ऊन उतरताना नितीन आवाज जुळवत होता. हल्ली आम्हा सगळ्यांच्याच कानात बुचं असतात, आणि कोणाला कानात काय किती हवं ते तो एकेकाला विचारतो. ट्रॅकचं काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं, मलाही नाही. कोरस नव्यानं भरून घ्यावा का, असं त्यानं चाचरत विचारलं.

"स्पीकरला मामाच ठेव," ताई म्हणाल्या. "लोकांना आयकू दे. माझ्या कानात तेवढा बंद कर."

"ताई, पण शेवटच्या गाण्यात मोठी जागा आहे," नितीन म्हणाला. तो बरोबर बोलत होता. त्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्याआधी ढोलकी थांबते, माझे हात थांबतात, आणि कोरस एकटाच, बिनतालाची, लांबवत लांबवत ओळ म्हणतो. "तिथं तुमच्या कानात काहीच नसेल. बाहेरचं कळणार नाही. परत कधी उचलायचं, कसं समजेल?"

"त्यांना किती येळ लागतो, मला म्हाईत है," ताई म्हणाल्या आणि राखाडी बुचं कानात बसवायला लागल्या.

शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं नीट पार पडलं. मग ती जागा आली. रशीदभाईंनी हात ढोलकीवर ठेवून दिले, मी बोटं उचलली. ताईंनी ओळ टाकली आणि त्या समोर बघत उभ्या राहिल्या, दोन्ही कान बंद, हात पदरावर. मैदानावर आणि माझ्या कानात मामा गात होते. ताईंना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. मामांनी ओळ अर्ध्यावर आणली, श्वास घेतला, उरलेली म्हटली. शेवटचं अक्षर त्यांनी लांबवलं, मापापेक्षा जरा जास्तच, आणि सोडलं. ते सुटलं त्याच क्षणी ताईंनी पुढची ओळ उचलली.